पांढरा मायटर आणि गॅलरीचं कुलूप

मी एक जुना मायटर आहे. नाव ऐकून गोंधळू नका, मित्रांनो. बिशप म्हणजे मोठे धर्मगुरू; कितीतरी चर्च आणि कितीतरी फादर त्यांच्या हाताखाली असतात. मोठ्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या डोक्यावर एक उंच, दोन टोकांची टोपी असते. ती टोपी म्हणजे मी. समोरून पाहिलंत तर मी मिटलेल्या पाकळीसारखा दिसतो, बाजूने पाहिलंत तर चोच उघडलेल्या पाखरासारखा. मागे माझ्या दोन पट्ट्या बिशपांच्या पाठीवर रुळतात. त्या कशासाठी असतात ते मलाही कुणी सांगितलं नाही. वारा आला की त्या हलतात.

बिशपांच्या मानाच्या वस्तू बऱ्याच. बोटात अंगठी, छातीवर क्रूस, हातात मेंढपाळाकडे असते तशी वाकड्या मुठीची काठी आणि डोक्यावर आम्ही. आम्ही म्हणजे दोघे. कपाटात माझ्याशेजारी एक सोनेरी मायटर राहायचा. जरीकाम, खडे, सगळा थाट. त्याला मी थोरला म्हणायचो; वयाने नव्हे, रुबाबाने. आनंदाचे दिवस त्याचे असत. कुणाच्या अंत्यविधीला आणि शोकाच्या प्रार्थनेला मात्र साध्या पांढऱ्या कापडाचा मी. लोकांचे आनंदी चेहरे मी जवळजवळ पाहिलेच नाहीत. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटायचं, मग अंगवळणी पडलं.

आमचा एक नियम आधीच सांगून टाकतो. बिशप लोकांशी बोलतात किंवा आपल्या खुर्चीत बसतात तेव्हा टोपी डोक्यावर असते. देवापुढे प्रार्थना करतात तेव्हा ती काढावी लागते. एका विधीत हे काढणं-घालणं इतक्या वेळा होतं की त्यासाठी खास एक माणूस उभा असतो. त्याच्या खांद्यांवरून लांब पांढरं वस्त्र असतं, आणि त्या वस्त्राच्या टोकांत हात गुंडाळूनच तो मला धरतो. विधीत उघड्या हाताने मला शिवायचं नाही. बिशपांनी मान किंचित हलवली की तो पुढे येतो, मला उचलतो आणि दोन पावलं मागे सरून उभा राहतो.

आमच्याकडे हे काम चाव्यावाले काका करायचे. कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून हे नाव पडलं. पोशाखाच्या खोलीची सगळी कपाटं त्यांच्या ताब्यात होती. मला बारीक कागदात गुंडाळायचे, डब्यात ठेवायचे, दर आठवड्याला उघडून कसर लागली नाही ना ते बघायचे. माझ्यावर मेणाचा थेंब पडला तर त्यांना घास गिळवत नसे. तीस वर्षांत त्यांनी इशाऱ्याशिवाय कुठलीही टोपी एकदाही उचलली नव्हती.

मला जन्म दिला तो मोठ्या चर्चच्या मागच्या शिवणाच्या खोलीतल्या एका बाईने. आमचे बिशप नवे नवे बिशप होणार होते, त्या वर्षीची गोष्ट. बाईचा नवरा नुकताच गेला होता आणि पदरात दोन वर्षांची मुलगी होती. शिवणवाली म्हणूनच सगळे तिला ओळखायचे. तिने खडूने माझा आकार आखला, आत ताठ कॅनव्हास घातला, वर पांढरं सुती कापड ताणून बसवलं. मशीनवर नाही, हाताने. माझ्या टोकांपाशी कापडाला चुणी पडू द्यायची नाही, हे भल्याभल्यांना जमत नाही. तिला जमायचं. अंगुस्तान घातलेल्या बोटाने ती प्रत्येक टाका दाबून बघायची.

तिची मुलगी टेबलाखाली बसून चिंध्यांशी खेळायची. अंगाने इतकी बारीक की आई तिला रेघ म्हणायची. पुढे ती चार-पाच वर्षांची झाली तेव्हा एकदा मी इस्त्रीसाठी त्या खोलीत आलो होतो. आईची पाठ वळताच रेघेने मला उचललं आणि डोक्यावर चढवलं. ती खांद्यापर्यंत माझ्यात बुडाली.

"आई, बिशपांचं डोकं वर टोकदार असतं का गं?" तिने आतूनच विचारलं.

"काढ ती! काढ आधी! चाव्यावाले काका बघतील तर माझं डोकं टोकदार करतील!"

बाई ओरडली खरी, पण हसू तिला आवरत नव्हतं. शेजारच्या मशीनवरच्या दोघीही हसल्या. माझ्या आयुष्यात मी डोक्यावर असताना लोक हसलेत ते तेवढंच.

सात वर्षांची झाल्यावर रेघ चर्चच्याच वसतिगृहात राहायला गेली. आईची खोली दूर, काम संध्याकाळपर्यंत चालायचं, आणि वसतिगृह त्याच आवारात. दुपारच्या सुट्टीत ती पळत शिवणाच्या खोलीत यायची, आईच्या डब्यातले दोन घास खायची आणि पळत जायची. तिथल्या मुली वसतिगृहाच्या बाईंच्या देखरेखीखाली असत. त्या बाई कडक होत्या. मुलींनी त्यांना मागून फुटपट्टी असं नाव ठेवलं होतं. पण कुणी तापाने फणफणली तर उशाशी बसून राहणाऱ्याही त्याच.

बिशपांबद्दल तुमचं मत वाईट होण्याआधी एक सांगतो. माणूस वाईट नव्हता. आजाऱ्यांना भेटायला ते स्वतः जायचे, खाटेच्या कडेला बसायचे, शिपायाच्या मुलाचं नावसुद्धा त्यांच्या लक्षात असायचं. अंत्यविधीला त्यांचा आवाज खरोखर जड व्हायचा. मी त्यांच्या कपाळाला टेकून असायचो, मला कळायचं. एकच गोष्ट त्यांना फार लागायची, ती म्हणजे लोकांसमोर सगळं नीट दिसायला हवं.

आणि मग चर्चला शंभर वर्षं पूर्ण होण्याचं साल आलं.

मनोऱ्याला परांच्या बांधल्या गेल्या. आवारातले सगळे गवंडी, सगळे सुतार मनोऱ्यावर. शिवणाच्या खोलीत रात्रंदिवस नाही म्हणणार मी, पण उजेड असेपर्यंत मशिनी थांबत नव्हत्या. मिरवणुकीत हलवायला शेकड्यांनी छोटी निशाणं शिवली जात होती. थोरल्याचे सैल झालेले खडे पुन्हा बसवले गेले. मला कुणी विचारत नव्हतं. आनंदाच्या दिवसांत आमच्यासारखे कपाटातच बरे.

महोत्सवाला तीन आठवडे असताना एक म्हातारे फादर वारले आणि मला बाहेर काढलं गेलं. पोशाखाच्या खोलीत बिशप खुर्चीत बसले होते, मी त्यांच्या डोक्यावर. माझी मागची एक पट्टी शिवणीतून सुटली होती. चाव्यावाले काका मागे उभे राहून ती टाचणीने बसवत होते. तेवढ्यात वसतिगृहाच्या बाई दारात आल्या. आत यायची परवानगी नाही, म्हणून त्यांनी उंबऱ्यावरूनच एक पत्र काकांच्या हातात दिलं.

"बिशपसाहेबांना आजच दाखवा. तातडीचं आहे," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

"वाचा," बिशप म्हणाले. त्यांचा चष्मा पोशाखाच्या आत अडकला होता.

काकांनी एका हाताने माझी पट्टी धरली आणि दुसऱ्या हातातलं पत्र वाचलं. मी ते जन्मात विसरणार नाही. वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या गॅलरीचे लोखंडी आधार भिंतीतून सुटू लागले आहेत. फटीत बोट जातं. मुलींना धोका नको म्हणून मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आहे. कृपया ताबडतोब गवंडी पाठवावा.

बाहेर घंटा सुरू झाली होती.

"सगळे गवंडी मनोऱ्यावर आहेत," बिशप म्हणाले. "महोत्सव होऊ दे, मग बघू. आणि कुलूप लावलंय ना त्यांनी? मग झालं तर. पट्टी बसली का?"

"बसली, साहेब."

काकांनी पत्राची घडी केली आणि आपल्या झग्याच्या खिशात टाकली. मिरवणूक निघाली. मी कपाळावर घट्ट बसलो होतो आणि मला माझ्या पट्टीचीच काळजी होती. खोटं कशाला बोलू?

दहा-बारा दिवसांनी बिशपांच्या कार्यालयातून एक सूचना निघाली. तिची प्रत शिवणाच्या खोलीतही आली होती; निशाणं किती लागतील ते त्यात होतं म्हणून. मिरवणुकीच्या वाटेवरची प्रत्येक खिडकी आणि प्रत्येक गॅलरी माणसांनी भरलेली दिसली पाहिजे. खाली बिशपांची सही. सही करताना त्यांना ते पत्र आठवलं नाही, की आठवूनही त्यांनी सही केली, हे मला माहीत नाही. तेव्हा मी कपाटात होतो.

महोत्सवाच्या दिवशीही मी कपाटातच होतो. त्यामुळे जे झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. आधी घंटा. मग बँड. बँड जवळ आला, वसतिगृहाच्या बाजूला वळला. मुलींचा एकच गलका उठला. मग असा आवाज झाला की कपाटाच्या फळ्या हादरल्या. बँड एकदम थांबला नाही. आधी पुढचे थांबले, मग मधले. मागच्या ढोलवाल्याला काहीच कळलं नसावं, तो एकटाच बराच वेळ वाजवत राहिला. तो थांबल्यावर जे ऐकू आलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

संध्याकाळी थोरल्याला कुणीतरी आणून टेबलावर टाकलं. कागद नाही, डबा नाही. त्याच्या जरीत चुन्याची धूळ बसली होती.

गॅलरी कोसळली, तिच्यातल्या सात मुली गेल्या. त्यांत रेघ होती. ती दहा वर्षांची होती.

आता जे सांगतो त्याची मला आजही लाज वाटते, जरी त्यात माझा दोष नसला तरी. अंत्यविधी ठरला की पांढरी टोपी इस्त्रीला शिवणाच्या खोलीत पाठवायची, हा काकांचा तीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी कपाट उघडलं, मला डब्यात ठेवलं आणि झाडूवाल्याच्या हाती नेहमीसारखं पाठवून दिलं. इस्त्री करणारी कोण आहे, याचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही. एका आईकडे तिच्याच मुलीच्या अंत्यविधीची टोपी इस्त्रीला गेली.

शिवणवाली त्या खोलीतच होती. घरी जाऊन काय करणार होती ती? दोघी-तिघी तिच्याजवळ बसल्या होत्या. डबा बघून त्या झटकन पुढे झाल्या.

"ठेव तिकडे. आम्ही करतो गं," एक म्हणाली.

"नको. तुम्हाला तिचे कोपरे जमत नाहीत."

ती उठली. तिने पाण्याचा हात मारला, इस्त्री गरम आहे का ते बघितलं आणि माझी एकेक बाजू सरळ केली. तिचे डोळे कोरडे होते. माझ्या टोकांपाशी आली तेव्हा इस्त्री हातात तशीच धरून ती थांबली, आणि कापड जळेल म्हणून शेजारणीने तिचा हात हलकेच उचलला.

तेवढ्यात वसतिगृहाच्या बाई आल्या. त्यांचा चेहरा सुजला होता. दोन दिवसांत त्या ओळखू येईनाशा झाल्या होत्या. खोलीतल्या बायकांनी तोंडं फिरवली. कारण त्या सकाळीच चर्चच्या फाटकावर कार्यालयाचं निवेदन लागलं होतं. गॅलरी बंद होती, तिला कुलूप होतं, ते वसतिगृहाच्या बाईंनी उघडलं, असं त्यात लिहिलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मी पत्र दिलं होतं," बाई शिवणवालीला म्हणाल्या. "तीन आठवडे आधी. मग ती सूचना आली. मी कार्यालयात फोन करून विचारलं, आमची गॅलरीसुद्धा का? तर म्हणाले, लेखी आहे ना, मग विचारता काय? म्हणून उघडलं कुलूप. माझ्या हातानेच उघडलं, ते मी नाकारत नाही. पण पत्र दिलं होतं गं मी. आता म्हणतात, असं पत्रच आलं नाही."

"कुणाच्या हातात दिलं होतंत?"

"चाव्यावाल्या काकांच्या."

शिवणवालीने माझ्या पट्टीला लागलेली टाचणी काढली आणि तिथे चार पक्के टाके घातले. "मग काका सांगतील," ती म्हणाली. "काका खोटं बोलायचे नाहीत. आणि बिशपसाहेब तरी का बोलतील? सात पोरी गेल्यात."

तिचा तेवढा भरवसा होता. तिला मुलगी परत मिळणार नव्हती हे तिला कळत होतं. निदान मुलगी का गेली, ते चारचौघांत खरं सांगितलं जावं, आणि बिनदोष बाईच्या माथी ते मारलं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोशाखाच्या खोलीत मी टेबलावर तयार होतो. काकांनी धुपाटण्यातले निखारे फुंकले. हे धुपाटणं साखळ्यांनी धरून शवपेट्यांभोवती फिरवतात. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. काकांनी खिशात हात घातला आणि ते पत्र बाहेर काढलं. उघडून वाचलं. पुन्हा घडी केली. मग ते निखाऱ्यांवर ठेवलं आणि जळेपर्यंत तिथेच उभे राहिले. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. बिशपांचं नाव जपायचं, जसं त्यांची टोपी जपायची, एवढंच त्यांना आयुष्यभर येत होतं. मी ओरडलो असतो, पण टोपीला कुठलं तोंड?

मग बिशप आणि सोहळ्याचे फादर आले. विधीत कधी काय ते ठरवणारे हे तरुण फादर हातातली यादी सोडत नसत. त्यांनी बिशपांना विचारलं, "साहेब, आईवडिलांची क्षमा मागायची ठरली आहे ना, ती प्रार्थना धरायची की भाषण?"

"म्हणजे?"

"प्रार्थना असेल तर टोपी काढायची. भाषण असेल तर राहू द्यायची. यादीत लिहायला हवं."

बिशपांनी यादीकडे पाहिलं. मी त्यांच्या डोक्यावर नव्हतो, त्यामुळे आत काय चाललं होतं ते मला कळलं नाही.

"भाषण लिहा," ते म्हणाले.

फादरांनी तसं लिहिलं. मित्रांनो, जगात कितीतरी लोक क्षमा मागायची वेळ आली की गडबडतात. पण क्षमा मागताना टोपी घालायची की काढायची, हे यादीत तपासणारे मी आमच्याकडेच पाहिले.

चर्च गच्च भरलं होतं. सात पेट्या ओळीने मांडल्या होत्या, सगळ्या लहान. धूर वर चढत होता आणि त्यात काय जळलं होतं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं, मला आणि काकांना. शिवणवाली पुढच्या बाकावर होती. वसतिगृहाच्या बाई सगळ्यात मागे, खांबाजवळ उभ्या होत्या. त्यांच्याजवळ कुणी उभं राहीना.

बिशप उभे राहिले. मी त्यांच्या डोक्यावर होतो, आणि त्यांच्या कपाळाला घाम फुटला होता. ते चांगलं बोलले. मुलींची नावं घेतली. आवाज जड झाला, तो खराच जड झाला होता. मग ते म्हणाले, "एका क्षणाच्या निष्काळजीपणामुळे एक दार उघडलं गेलं. ज्यांच्या हातून ही चूक झाली, त्याही आपल्याच आहेत. आज या लेकरांसमोर आपण त्यांना क्षमा करू या."

क्षमा मागायची होती, ती त्यांनी करून टाकली.

शिवणवाली उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण चर्चमध्ये श्वास ऐकू येईल इतकी शांतता होती.

"बिशपसाहेब, टोपी काढा."

सोहळ्याचे फादर यादीत बघू लागले.

"मी शिवली आहे ती. कधी घालायची आणि कधी काढायची, मला ठाऊक आहे. ती काढा आणि सांगा, पत्र आलं होतं का नाही."

माझ्याखाली बिशपांची शीर थडथड उडत होती. त्यांनी मान हलवली नाही. इशारा केला नाही. आणि तरी चाव्यावाले काका पुढे आले. तीस वर्षांत पहिल्यांदा, इशाऱ्याशिवाय. पांढऱ्या वस्त्रात हात गुंडाळायचंही ते विसरले. उघड्या हातांनी त्यांनी मला उचललं. त्यांचे हात थंडगार होते.

बिशपांच्या कपाळावर माझ्या कडेचा लाल वळ उमटला होता. विरळ केस चिकटले होते. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. ते पेट्यांकडे बघत राहिले. मग मान थोडी वळवून, फक्त काकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ते पत्र कुठे आहे?"

मला अजूनही वाटतं, त्या क्षणी ते सांगणार होते. पत्र काकांच्या खिशात असतं, तर ते त्यांनी मागितलं असतं आणि वाचलं असतं. असं वाटून घेतलेलं मला बरं पडतं.

"जाळलं, साहेब," काका पुटपुटले.

बिशपांनी डोळे मिटले. एक श्वास घेतला. मग त्यांचा हात पुढे आला, तळवा वर. टोपी मागतात तसा.

काकांनी मला परत त्यांच्या डोक्यावर ठेवलं. सरळ बसलो आहे ना ते बघून पट्ट्यासुद्धा नीट केल्या.

शिवणवालीने ते सगळं पाहिलं. ती खाली बसली. विधी यादीप्रमाणे पार पडला.

महिन्याभराने चौकशी बसली. तिच्या आदल्या दिवशी दुपारी शिवणवाली पोशाखाच्या खोलीच्या दारात आली. उंबऱ्यावर थांबली नाही, सरळ आत आली. तिच्या हातात छोटी कात्री होती. काका उठून उभे राहिले.

"टोपी द्या," ती म्हणाली.

"पोरी, असं करू नकोस."

"कापड फाडणार नाही. द्या."

त्यांनी डबा उघडला. ती खुर्ची ओढून बसली, मला मांडीवर घेतलं आणि कडेपासून उसवायला लागली. माझ्या अंगात तिचा एकेक टाका होता; तो कापला जाताना दुखलं का विचाराल, तर हो, दुखलं. काका समोर उभे होते.

"पत्र आलं होतं ना, काका?"

तिने एक बाजू उसवून संपवली.

"आलं होतं?"

"आलं होतं."

"कुणी वाचलं?"

"मीच वाचून दाखवलं. ही टोपी तेव्हा त्यांच्या डोक्यावर होती."

"मग ते गेलं कुठे?"

"जाळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं गं. माझं मीच जाळलं. मला वाटलं..." म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

तिने कात्री थांबवली नाही. "उद्या चौकशीत एवढंच सांगा. आत्ता मला सांगितलंत तेवढंच. बाईंना तुरुंगात धाडतील ते. बोला, सांगाल?"

"माझं सगळं आयुष्य या खोलीत गेलंय," काका म्हणाले. "मी त्यांच्या विरुद्ध कसा उभा राहू?"

"विरुद्ध नका राहू. खरं तेवढं सांगा."

काकांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. तिने माझी मागची बाजू, पुढची बाजू, कॅनव्हास, अस्तर, दोन्ही पट्ट्या, सगळं वेगळं केलं. शिंपी ठेवतात तसं एकावर एक नीट रचून टेबलावर ठेवलं. उसवलेले दोऱ्याचे तुकडे मात्र तिने बोटांनी वेचले, मुठीत घेतले.

"टाके माझे होते, ते मी नेते," ती म्हणाली. "कापड तुमचं."

ती गेली. शिवणाच्या खोलीतही पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी काका चौकशीला जाऊन आले. मी तुकड्या-तुकड्यांनी खणात पडून होतो. थोड्या वेळाने बिशप आले.

"काय सांगितलंत?"

"आठवत नाही म्हणालो."

"बरं," बिशप म्हणाले. थोडा वेळ थांबले आणि निघून गेले.

वसतिगृहाच्या बाईंना दोन वर्षांची शिक्षा झाली. कुलूप त्यांनी उघडलं होतं, हे सिद्धच होतं.

मला दुसऱ्या गावच्या एका शिंप्याकडे पाठवून पुन्हा शिवून आणलं. मशीनवर, नीटनेटकं. टोकांपाशी बारीक चुणी पडते, पण खालून कुणाला दिसत नाही. पुढची सगळी वर्षं मी काम करत राहिलो. दर वर्षी त्या सात मुलींच्या नावाने प्रार्थना होते. नावं वाचताना मला काढून ठेवतात, कारण ती प्रार्थना असते. काका थकले तरी मला धरायला तेच उभे राहायचे. बिशप आणि ते एकमेकांच्या नजरेला नजर देत नसत. सुटून आल्यावर बाई एकदा त्या प्रार्थनेला आल्या होत्या. मागे उभ्या राहिल्या, आणि रेघेचं नाव येण्याआधीच निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं की आम्हाला जपा, धूळ बसू देऊ नका, अडगळीत टाकू नका. मला ते म्हणवत नाही. मला फार जपलं. ज्या हातांनी मला जपलं, त्यांच्यात त्या दिवशी एक पत्रही होतं. उद्या तुमच्या हातात कुणी असं पत्र दिलं, तर ते खिशात ठेवू नका. ज्याने दिलं त्याच्यामागे पळत जा, काय झालंय ते स्वतः बघा, गवंड्याला मनोऱ्यावरून खाली बोलवा, कुणी रागावलं तरी पुन्हा पुन्हा विचारा. आणि हातात त्या वेळी माझ्यासारखी एखादी टोपी असेल, तर ती खुशाल खाली टाका. टोपी मळली तर धुता येते.